घंटा, हजेरी आणि आईची चिठ्ठी

पावसाळ्यात बातम्या लागल्या की एक नाव तुमच्या कानावर रोज पडतं. कुलाब्याला इतके मिलिमीटर, सांताक्रूझला इतके मिलिमीटर. आज त्याच सांताक्रूझला जाऊ या. पाऊस मोजायला नाही, शाळेत. तिथल्या ख्रिस्ती हायस्कुलांत मुलांच्या हजेरीचे आणि वेळेचे नियम कसे असतात, त्यातलं आपल्या उपयोगाचं काय आणि टाकून देण्यासारखं काय, हे बोलायचंय.

तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आपल्या गटातल्या किती जणींची नातवंडं, भाचरं, पुतण्या मुंबईत शिकतात ते जरा मोजा. वाकोला, कालिना, सांताक्रूझ पूर्वेच्या चाळींत आणि वस्त्यांत आपल्याकडची माणसं भरलेली आहेत. गणपतीला, शिमग्याला ती पोरं गावी आली की आपणच सुनेला म्हणतो, "राहू दे की गं अजून चार दिवस, शाळा काय पळून जाते का?" त्या चार दिवसांचं तिकडं पुढे काय होतं, हे आपल्याला कुणी सांगत नाही.

सांताक्रूझ हे पोर्तुगीज नाव, अर्थ पवित्र क्रूस. चर्च आणि चर्चला लागून शाळा, असं तिथं बऱ्याच ठिकाणी दिसतं. पश्चिमेला सेक्रेड हार्ट आणि सेंट तेरेसा, पूर्वेला वाकोल्यात सेंट अँथनी आणि सेंट चार्ल्स, ही नावं तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला ठाऊक. शाळा ख्रिस्ती म्हणजे मुलं सगळी ख्रिस्ती, असं मात्र नाही. कुठल्याही वर्गाचा हजेरीपट वाचला तर त्यात शेख असतात, कांबळे असतात, डिसोझा असतात आणि शिंदेही असतात. शिवाय कालिना-वाकोल्याच्या गावठाणातले जुने ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरात मराठीचीच एक बोली बोलत आलेत, म्हणजे तेही परके नव्हेत.

माझी नणंद वाकोल्याला राहते, तिची मुलं अशाच एका शाळेत. तिच्याकडे गेले की टेबलावर एक छोटं जाड पुस्तक दिसतं. त्याला ते कॅलेंडर म्हणतात. भिंतीवरचं नव्हे, दप्तरातलं. जून महिन्यात प्रत्येक मुलाला ते मिळतं. त्यात प्रार्थना, सुट्ट्या, परीक्षांच्या तारखा आणि नियम. शाळेगणिक थोडा फरक असतो, पण गाभा सारखाच. पहिल्या घंटेआधी मूल आवारात हवं. उशीर झाला तर कॅलेंडरमध्ये शेरा पडतो आणि त्याखाली पालकांची सही लागते. तसे काही शेरे झाले की पालकांना बोलावणं येतं. मूल गैरहजर राहिलं तर परत येताना कारण लिहिलेली, सही केलेली नोंद आणायची, त्याशिवाय वर्गात बसता येत नाही. आजारपण लांबलं तर डॉक्टरचा दाखला. रजा हवी तर आधी मागायची. सुट्टी संपल्यावर पहिल्या दिवशी हजर राहायचंच. न कळवता बरेच दिवस घरी राहिलं तर पटावरून नाव कमी होऊ शकतं, असंही लिहिलेलं असतं.

ऐकायला कडक वाटतं. थोडं आहेच. पण यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते, आणि ती घंटा नव्हे. ती आहे चिठ्ठी.

चिठ्ठीमुळे काय होतं बघा. मूल शाळेत आलं नाही, तर त्या घराला विचारणारं कुणीतरी आहे. आणि घराला उत्तर द्यावं लागतं, तेही लिहून, तारीख घालून. "पोट दुखत होतं." ठीक. पण एका मुलीच्या कॅलेंडरमध्ये दर महिन्याला त्याच सुमाराला दोन-दोन दिवस "पोट दुखत होतं" असं येऊ लागलं, तर वर्गशिक्षिकेला न बोलता समजतं. मग प्रश्न मुलीच्या आळसाचा राहत नाही. शाळेच्या संडासात पाणी आहे का, दाराला कडी आहे का, पॅड टाकायची सोय आहे का, असा होतो. सातवी-आठवीतल्या मुलीनं घरात हे कुणाला बोलून दाखवलं नसतं. चिठ्ठ्या एकाखाली एक आल्या म्हणून ते दिसलं.

आपल्याकडे शाळा सुटते ती अशीच, हळूहळू. कुठलीही मुलगी सोमवारी हुशार आणि मंगळवारी घरी बसली, असं होत नाही. आधी आठवड्यात एक दिवस राहते. धाकट्याला ताप आहे, तू थांब. मग कापूस वेचायचे दिवस. मग मामाकडचं लग्न. मग गणितात मागे पडली म्हणून तिलाच जावंसं वाटत नाही. मग कुणीतरी म्हणतं, नाहीतरी शिकत नाही, स्थळ चांगलं आलंय. कोण कुठल्या दिवशी, कशासाठी घरी राहिली हे एका कागदावर असतं, तर तिसऱ्या महिन्यातच कुणीतरी दार वाजवलं असतं.

आता थोडा हिशेब करू, बचत गटात आपण करतो तसा. आपल्या राज्यात शाळांच्या वर्षभरातल्या सुट्ट्या 76 च्या वर जाऊ नयेत आणि कामाचे दिवस 230 भरावेत, असा माध्यमिक शाळांचा नियम आहे. दहावीच्या परीक्षेला बसायला 75 टक्के हजेरी लागते. म्हणजे चुकले तर साधारण 57 दिवस चुकू शकतात. खूप वाटतात ना? मोजा मग. गणपतीला सहा, शिमग्याला पाच, दोन लग्नांचे मिळून आठ, तापाचे-सर्दीचे दहा, आणि मुलगी असेल तर महिन्याला दोन धरून वीस. झाले एकोणपन्नास. अजून जत्रा धरली नाही, आजीचं आजारपण धरलं नाही. आजारासारख्या कारणासाठी मंडळाकडून सूट मिळू शकते, पण त्यालाही कागदच लागतो. तिथं ती चिठ्ठी आणि तो दाखला उपयोगी पडतो.

उशिराचा हिशेब वेगळा. रोज वीस मिनिटं उशीर, तर 230 दिवसांत 4600 मिनिटं. म्हणजे 76 तास. दिवसाला पाच तास शिकवणं धरलं तर पंधरा दिवसांची शाळा गेली, हजेरीपटावर मूल रोज हजर असूनही. आणि जातो तो नेहमी पहिलाच तास. पहिला तास गणिताचा असेल तर वर्षभर गणितच जातं.

इथवर मी शाळेच्या बाजूनं बोलले. आता फाटकाविषयी. उशीर झाला की फाटक बंद आणि मूल परत घरी, ही रीत मुंबईत काही शाळांत होती आणि आहे, ख्रिस्ती असोत की नसोत. मला ती मुळीच पटत नाही. परत पाठवलेलं मूल घरी पोचतं का? आई सहालाच कामावर गेलेली, घराला कुलूप. मग ते मूल दिवसभर असतं कुठं? वेळ शिकवायला म्हणून पूर्ण दिवस बुडवायचा, हा हिशेब कुठला?

मूल उशिरा का येतं, हेही बघायला हवं. वस्तीत नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येतं. ते भरतं कोण? बहुतेक घरांत मोठी मुलगी. हंडे-कळशा भरून, धाकट्याची तयारी करून ती निघते आणि तिच्याच नावापुढे शेरा पडतो. भाऊ तिच्या आधी शाळेत पोचलेला असतो. पावसात मिलन सबवेत पाणी भरलं की पूर्व-पश्चिम वाट अडते, तेव्हा सगळेच उशिरा. त्यात त्या मुलाचा दोष काय? आपल्याकडे नळाऐवजी विहीर आणि सबवेऐवजी ओढा म्हणा, गोष्ट तीच.

आणि शिक्षा. 2025 च्या नोव्हेंबर महिन्यात वसईतल्या एका शाळेत उशिरा आलेल्या मुलीला शंभर उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. मुलीची तब्येत बिघडली आणि काही दिवसांनी ती गेली. पेपरात तुम्ही वाचलंच असेल. कोर्टात काय ठरायचं ते ठरेल. पण दहा मिनिटांच्या उशिरासाठी लेकराच्या अंगाला हात लावायचा किंवा अंग मोडेल अशी शिक्षा द्यायची, हे कुठल्याच कायद्यात बसत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला साफ मनाई आहे. 2014 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अल्पसंख्याकांनी चालवलेल्या शाळांना तो कायदा लागू नाही, आणि या ख्रिस्ती शाळा त्यातच येतात. पण म्हणून तिथं मारायला मोकळीक आहे असं समजू नका. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच त्याला मारहाण केली, छळलं, तर 2015 च्या बाल न्याय कायद्यानं तो गुन्हा आहे. शाळा कुणाचीही असो.

वेळेबद्दल आणखी एक. 2024 च्या फेब्रुवारीत सरकारनं ठरवलं की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, पोरांची झोप होत नाही म्हणून. हायस्कूलला तो निर्णय नाही. तेव्हा सकाळच्या सत्रात पाचवी-सहावीतलं मूल अंधारात उठतंच. नणंद म्हणते, "वहिनी, अर्धी लढाई रात्री नऊला मोबाईल काढून घेतला की जिंकली." बाकी अर्धी पाण्याची.

हजेरीपट कशाला लागतो याचं एक उदाहरण सांताक्रूझचंच. 26 जुलै 2005. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आपल्याकडे दुष्काळी तालुक्यांत दोन वर्षांत मिळून पडत नाही इतका. लोकल बंद, रस्ते बुडालेले, मुंबईत किती तरी मुलं रात्रभर शाळेतच राहिली. आता विचार करा, अशा रात्री एखादी आई गळाभर पाण्यातून शाळेत पोचली आणि तिनं विचारलं, माझा मुलगा आज आला होता का? त्याला उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, सकाळी घेतलेल्या हजेरीत. म्हणून ती खरी घ्यायची असते. नुसते हजेरीचे आकडे भरून ठेवायचे नसतात.

आता आपल्या गणपतीकडे येऊ. शाळेनं गणपतीला सुट्टी द्यावी की नाही, यावरून घराघरांत कुरबुर होते. नियमात त्याला वाट आहे. दिवाळीची किंवा उन्हाळ्याची मोठी सुट्टी थोडी कमी करून ते दिवस गणपतीला किंवा नाताळला देता येतात, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. एकूण 76 मध्ये बसलं म्हणजे झालं. ख्रिस्ती शाळा नाताळासाठी दिवस राखतात ते असेच. तेव्हा "त्यांना आपला सण दिसत नाही" असं म्हणण्याआधी मुंबईतल्या सुनेला सांगा, जून महिन्यातल्या पालकसभेला जा, तिथं विचार. सप्टेंबरात भांडून उपयोग नसतो, तारखा तेव्हा छापून झालेल्या असतात. आणि मिळाली नाही सुट्टी, तर लेकराला विसर्जनाआधी परत जाऊ द्या. डोळ्यात पाणी येईल, आपल्याही आणि त्याच्याही. पण चाचणी बुडवून ठेवून घेऊ नका.

हे सगळं आपल्या गावच्या शाळेत कसं आणायचं? जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं त्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, आणि निम्म्या बायका. पुष्कळ ठिकाणी बायकांची नावं असतात आणि सह्या घरी मागवल्या जातात. त्या बैठकीला जाऊन बसा. दोनच गोष्टी मागा. मूल आलं नाही तर त्याच दिवशी घरी निरोप यावा. आणि उशिरा आलेल्या मुलाला आधी वर्गात घ्यावं, विचारपूस मधल्या सुट्टीत करावी. हायस्कूल लांब असेल आणि एसटीच उशिरा येत असेल, तर गटाच्या नावानं आगार व्यवस्थापकाला अर्ज द्या. पाचवी ते बारावीच्या खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे, पण बस घंटेनंतर पोचणार असेल तर त्या पासाचा काय उपयोग?

शेवटी चिठ्ठी कशी लिहायची ते सांगते, कारण मागच्या वेळी दोघी-तिघींनी विचारलं होतं. वर तारीख. "वर्गशिक्षिका बाईंना नमस्कार." मग मुलीचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत आली नाही, दोन्ही तारखा घाला. कारण एका ओळीत आणि खरं. घरी काम होतं म्हणून ठेवली असेल तर तसंच लिहा, ताप लिहू नका. मग "बुडालेला अभ्यास कोणता ते कळवावं, ही विनंती." ही ओळ सोडू नका, तिनं बाईंनाही काम लागतं. खाली तुमचं नाव आणि सही. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, वाचून घ्या आणि मग अंगठा द्या. एका वहीत अशा चिठ्ठ्यांची नक्कल ठेवा. वही गटाच्या पेटीत ठेवली तरी चालेल.