सामाईक जागा, सरकारी निधी आणि श्रमाची पावती



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. तेव्हापासून या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे, असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. शाळा आम्हांला लवकर सुटली. पुढचे शिक्षण विडीकामगारांच्या मजुरीच्या वह्या वाचता वाचता झाले. तेव्हा आमचे बोलणे थोडे हिशेबी होईल. ते आपण गोड मानून घ्यावे.

एखादी आळी किंवा वाडी आपली सामाईक जागा सुधारू पाहते, तेव्हा तिला सार्वजनिक पैसा कसा द्यावा, हा आजचा विषय. सामाईक जागा म्हणजे केवळ शहरातील बागा नव्हेत. पाणवठा, पार, चावडी, बाजारतळ, स्मशानाची वाट ह्या आपल्या सामाईक जागा. राजुरास डांगी जनावरांचे प्रदर्शन भरते. डोंगरातला शेतकरी आपला बैल घेऊन ज्या मैदानावर उभा राहतो, ते मैदान कोणा एकाचे नसते. म्हणूनच त्याची किंमत मोठी.

ह्या जागांसाठी पैसा देण्याच्या दोन रीती महाराष्ट्राने पाहिल्या. पहिली, आधी काम आणि मग बक्षीस. २०००-०१ साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावांनी हाती झाडू घेतला, गटारे काढली, भिंती रंगवल्या, आणि जिंकलेल्या गावांना बक्षिसे मिळाली. दुसरी रीत लोकवर्गणीची. शासन मोठा वाटा देते आणि गावाने थोडा भरायचा. २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावातील पाणीयोजनेसाठी हा वाटा सर्वसाधारणपणे दहा टक्के, आणि डोंगरी, वनक्षेत्रातील किंवा निम्म्याहून अधिक आदिवासी-दलित वस्तीच्या गावांना पाच टक्के ठरला. यामागचा विचार चांगला आहे. ज्यात आपला घाम वा पैसा गेला, ते माणूस जपतो.

परंतु हा वाटा खरोखर कोण भरतो? आमच्या मनाला हा प्रश्न कित्येक वर्षे बोचतो आहे. ज्याच्यापाशी पैसा आहे, तो शंभराची नोट देऊन मोकळा होतो आणि त्याचे नाव फळ्यावर चढते. ज्याच्यापाशी नाही, त्याला म्हणतात, ‘तू श्रमदान कर.’ विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी असते. सकाळची चार तास ती गटार काढायला गेली, तर तेवढ्या विड्या कमी होतात आणि संध्याकाळच्या चुलीवर त्याचा परिणाम दिसतो. तिने दिलेले दान नोटेपेक्षा मोठे; पण त्याची नोंद कोठेच नाही! आणि कित्येक ठिकाणी तर लोकवर्गणी ठेकेदारच लोकांच्या नावाने भरून टाकतो व पुढे कामातून वसूल करतो, हे आपण सारेच जाणतो.

एक प्रसंग सांगतो. गावाचे नाव घेत नाही. एका वस्तीत झाडाखाली मातीचा पार होता. दुपारी दहा-बारा बाया मांडीवर सूप घेऊन तेथे विड्या वळीत, पोरे शेजारी खेळत. ‘सुशोभीकरणा’साठी निधी आला. पार पाडून फरशी बसवली, लोखंडी बाके आली, कुंपण आले, फाटकाला कुलूप आले आणि नावांची पाटी आली. बाया बाहेर राहिल्या. पहिल्याच पावसात फरशीवरचे पाणी खालच्या अंगाच्या घरांत शिरले. आम्ही त्या बायांना विचारले, ‘तुम्हांला कोणी विचारले होते का?’ एक आजी म्हणाली, ‘आमाला काय हवं व्हतं? पारावर सावली व्हती, निस्ता पान्याचा नळ पायजे व्हता.’ नळाचा खर्च कुंपणाच्या खर्चाच्या पासंगालाही पुरला नसता.

आता कोणी म्हणेल, ग्रामसभा होती, तिथे का नाही बोलल्या? कायद्याने ग्रामसभेला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यांतील जी संख्या कमी ती लागते. ती भरली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणसंख्येची अट उरत नाही. मग पाच-दहा माणसांत ठराव मंजूर! दोष एकट्या पुढाऱ्यांचा नव्हे. घरी बसलेल्या आपणां सर्वांचाही आहे.

अनुसूचित क्षेत्रातील गावांपाशी अधिक बळ आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तेथील ग्रामसभेला मान दिला, आणि २०१५ पासून आदिवासी उपयोजनेच्या निधीतील पाच टक्के रक्कम थेट त्या क्षेत्रातील ग्रामपंचायतींना देण्याचा निर्णय महाराष्ट्राने घेतला. तो खर्च कशावर करायचा हे ग्रामसभेने ठरवायचे. ब्राझीलमधील पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून नागरिकांना अंदाजपत्रकात भाग दिला. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घेण्यास आरंभ केला. महानगरे जे शिकू पाहतात, ते डोंगरातल्या वाडीच्या हाती कायद्याने आलेले आहे. वापरायचे मात्र आपणच.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, जागा जे वापरतात त्यांना आधी विचारावे. आणि ती सभा त्यांच्या मजुरीच्या वेळी नव्हे, सांजवेळी, त्यांच्याच वस्तीत घ्यावी. दुसरी, श्रमदान हे लोकवर्गणीत रोजाच्या दराने जमा धरावे आणि ज्याने श्रम केले त्याच्या हाती त्याच्या नावाची पावती द्यावी. तिसरी, काम पुरे झाल्यावर देखभालीसाठी थोडी रक्कम बाजूला राखावी. नाहीतर नळ बसतो आणि तोटी चोरीला गेली की पुन्हा नवा प्रस्ताव.

‘पावती देऊन श्रमदानाचे पावित्र्य जाते,’ असे आम्हांला एकाने ऐकवले. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांनी आयुष्यभर वहीत आकडा नाही म्हणून बुडालेली मजुरी पाहिली, त्यांना पावतीचे मोल ठाऊक आहे. पावती हातात असली की त्या बाईला उद्या त्याच ग्रामसभेत उभे राहून विचारता येते : ‘माझ्या घामाचा हिशेब कुठे आहे?’ हिशेब विचारणारा माणूस परका राहत नाही. तो जागेचा धनी होतो. आणि धनी झाल्याशिवाय कोणी पाराची काळजी घेत नाही.

येत्या ग्रामसभेला एवढेच करा. शेजारच्या एका बाईला, एका मजुराला हाताशी धरून घेऊन जा, आणि सभा संपेपर्यंत हलू नका.