पाण्यावर चढणारी होडी



मी गणिताचा मास्तर. होड्या बांधणे हा काही माझा धंदा नव्हे. पण काही वर्षांपूर्वी कोकणातली एक खाडी शिडाच्या होडीतून ओलांडताना मला घाई झाली होती, आणि मी नाखव्याला सहज म्हटले, “अहो, वारा एवढा चांगला आहे, तर आणखी मोठे शीड का लावत नाही?” नाखवा हसला. म्हणाला, “मास्तर, शीड मोठं घातलं तर होडी फार तर नाक खुपसंल. पाणी वाट देईल तेवढंच तिनं जायचं!”

त्या एका वाक्यात नौकाशास्त्रातला एक मोठा नियम होता. आज तोच नियम मी आपल्याला उलगडून सांगणार आहे. आणि त्या नियमातून पळवाट काढणाऱ्या एका कारागिराची हकिकतही सांगणार आहे.

होडी चालू लागली की नाळेपाशी पाणी दुभंगते आणि तिथे एक लाट उठते. वेग वाढला की ही लाट लांब होत जाते. वाढता वाढता एक वेळ अशी येते की लाटेची लांबी आणि होडीची लांबी सारखी होते. त्याहून वेग वाढू लागला की होडीचे नाक लाटेच्या चढावर, आणि मागचा भाग खोलगट जागेत, अशी अवस्था होते. म्हणजे होडी आपणच उभ्या केलेल्या टेकडीवर चढू पाहते! वाऱ्याचा सगळा जोर मग मोठमोठ्या लाटा उठवण्यातच खर्ची पडतो. वेग काही फारसा वाढत नाही.

शिक्षकबंधूंनी फळ्यावर मांडावे असे याचे गणित आहे. पाण्याच्या रेषेवरची होडीची लांबी फुटांत घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे, आणि त्याला 1.34 ने गुणायचे. ताशी किती सागरी मैल, याचे उत्तर मिळते. चौदा फुटांच्या होडीला हे उत्तर सुमारे 5 येते. म्हणजे ताशी नऊ किलोमीटर. वेग दुप्पट हवा असेल तर होडी चौपट लांब हवी, म्हणजे छप्पन्न फूट! लहान होडीच्या नशिबी ही मर्यादा लिहिलेलीच, असे पुष्कळ दिवस मानले जात होते.

आता इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचे एक बेट आहे, तिकडे जाऊ. तिथल्या काउझ गावी शिडाच्या होड्यांच्या शर्यतींची जुनी परंपरा आहे. या बेटावर 1898 साली उफा फॉक्स नावाचा मुलगा जन्मला. पुढे त्याने सॉण्डर्स यांच्या कारखान्यात उमेदवारी केली. त्या कारखान्यात वेगवान मोटारबोटी बांधत, आणि पाण्यावर उतरणारी विमानेही बांधत. अशा विमानाला आधी पाण्यावर धावावे लागते, आणि मग पाण्याचा पाश सोडवून वर उठावे लागते. उफाने तिथे एक गोष्ट पाहिली. विशिष्ट आकाराचा तळ वेगात गेला तर पाणी कापत जात नाही. तो पाण्यावर चढतो आणि वरच्यावर घसरत जातो.

यात नवल नाही. आपणही लहानपणी तळ्यात चपटी खापरी भिरकावली आहे. दगडासारखा दगड, पण चपटा असून वेगात गेला तर टप्पे घेत पलीकडे जातो. खापरी पाण्याला खाली ढकलते, आणि पाणी तिला वर ढकलते. प्रश्न एवढाच होता की मोटारीला जमते ते नुसत्या वाऱ्याला जमेल का?

उफाच्या पुढे चौदा फुटी शर्यतीच्या होड्यांचा वर्ग होता. या वर्गात लांबी ठरलेली होती. परंतु तळाचा आकार बराचसा बांधणाऱ्याच्या बुद्धीवर सोडलेला होता. उफा एकामागून एक होड्या बांधत, शर्यतीत उतरवत आणि सुधारत गेला. त्यांतूनच ‘ॲव्हेंजर’ ही होडी तयार झाली.

तिच्या तळात काय होते? पुढे नाळेकडे तळ नांगराच्या फाळासारखा उतरता ठेवला होता, म्हणजे लाट फोडताना धक्का बसू नये. मागे जाता जाता हा उतार कमी कमी होत गेला, आणि शेवटी तळ जवळजवळ सपाट झाला. हा मागचा सपाटपणाच महत्त्वाचा. का, ते घरी करून पाहा. नळाची बारीक धार सोडा. एक चमचा दांडीच्या टोकाला हलकेच धरा, आणि त्याची फुगीर पाठ धारेला टेकवा. धार चमच्याला दूर लोटील असे वाटते. पण होते उलटे. चमचा धारेत ओढला जातो! फुगीर पृष्ठभागावरून वळणारे पाणी त्याला आपल्याकडे खेचते. मागून गोलसर असलेल्या होडीचेही वेगात असेच होते. पाणी तिचा मागचा भाग खाली ओढते. तळ सपाट ठेवून मागे काटकोनात तोडला, म्हणजे पाणी सरळ सुटून जाते आणि ही ओढ लागत नाही.

पण नुसता आकार पुरत नाही. जड होडी चढणार कशी? म्हणून बांधणी हलकी हवी. आणि हलकी म्हणजे लेचीपेची नव्हे. आपल्या बुरुडाचे सूप पाहा. पातळ पातळ बेळांचे असते, पण वर्षानुवर्षे टिकते. शर्यतीच्या त्या होड्यांतही थोड्या जाड बरगड्यांऐवजी पुष्कळशा बारीक बरगड्या वाफेवर मऊ करून वाकवीत. त्यांवर महोगनीच्या पातळ फळ्यांचे दोन थर, मध्ये तेलात भिजवलेले कापड, आणि तांब्याचे खिळे.

याच्याही आधी होडीचा आकार खऱ्या मापाने जमिनीवर रेखावा लागतो. लवचिक पट्टी वाकवून रेषा काढायची, आणि जमिनीलगत डोळा नेऊन पाहायचे. कुठे जरा उंचवटा दिसला तर रेषा पुन्हा काढायची. कागदावर एका केसाएवढी चूक असली, तर तळावर ती बोटाएवढी होते.

तिसरी गोष्ट म्हणजे माणसे. या होडीच्या तळाशी शिशाचे वजन नसते. वाऱ्याने ती कलंडू लागली की खलाशांनी काठावर बसून आपले अंग बाहेर झोकायचे. त्यांचे शरीर हाच तिचा तोल. होडी सपाट राहिली, वाऱ्याचा झोत आला, की ती थरथरते, नाक उचलते आणि पाण्यावर चढते. मग ते पाच मैलांचे गणित मागे राहते.

‘ॲव्हेंजर’ने 1928 साली प्रिन्स ऑफ वेल्स चषक जिंकला. ती एकूण 57 शर्यतींत उतरली. 52 वेळा पहिली, दोनदा दुसरी आणि तीनदा तिसरी आली. पण शर्यतीची होडी म्हणजे काचेचे भांडे, असे म्हणणारे होतेच. उफाने त्यांना तोंडाने उत्तर दिले नाही. दोन सोबती घेतले आणि त्याच उघड्या चौदा फुटी होडीतून तो इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सच्या ल हाव्र बंदराला गेला. सुमारे शंभर सागरी मैलांची ही वाट. जायला 27 तास लागले. तिथे शर्यती केल्या आणि त्याच होडीतून परत आला. येताना 37 तास लागले. हलके म्हणजे कच्चे, हा समज या फेरीने खोटा ठरवला.

तुम्ही म्हणाल, हा सगळा हौशी लोकांचा खेळ. त्याचे एवढे काय? पण दुसऱ्या महायुद्धात वैमानिक समुद्रात पडत आणि थंडीने गारठून मरत. तेव्हा उफाने विमानाच्या पोटाखाली बसेल आणि हवाई छत्र्यांनी खाली सोडता येईल अशी जीवरक्षक होडी आखली. मे 1943 मध्ये उत्तर समुद्रात ती प्रथम कामी आली. हलकेपणा आणि मजबुती यांची जी सांगड त्याने शर्यतीसाठी घातली, तिने माणसांचे प्राण वाचवले.

उफा 1972 साली वारला. पण त्याची वाट पुढे वाहती राहिली. मुंबईच्या समुद्रात 1982 च्या आशियाई स्पर्धांतील शिडांच्या शर्यती झाल्या. त्यांत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले, ते ‘फायरबॉल’ नावाच्या अशाच पाण्यावर चढणाऱ्या होडीतून. आताच्या काही होड्या तर पाण्याखालच्या पंखांवर उभ्या राहून सगळा तळच हवेत उचलतात.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाच्या दोन होड्या मुलांकडून कोरून घ्या. लांबी आणि वजन सारखे, पण एकीचा मागचा भाग गोल, दुसरीचा सपाट. दोऱ्याने दोन्ही सारख्याच जोराने ओढा. आधी हळू, मग जोरात. काय होते ते मुलांनाच सांगू द्या.

त्या नाखव्याचे म्हणणे खोटे नव्हते. पाणी वाट देईल तेवढेच होडीने जायचे, हे खरेच आहे. उफा फॉक्सने पाण्याशी जबरदस्ती केली नाही, शीडही वाढवत बसला नाही. पाणी आणखी कुठून वाट देते, ते त्याने शोधले.