अणुविजेचें भांडवल

सुरतेहून भुसावळकडे निघालेली आगगाडी बारडोली, व्यारा, उकाई-सोनगड हीं स्थानकें मागें टाकून नवापुरास येते. नवापूरचें स्थानक दोन राज्यांच्या सीमेवरच वसलें आहे. त्याचा एक भाग गुजरातेंत, तर दुसरा महाराष्ट्राच्या नंदुरबार जिल्ह्यांत. ही सीमा नकाशावर ठळक असली तरी तापीचें पाणी ती पाळीत नाहीं. नंदुरबार जिल्ह्यांतून वाहणारी ही नदी उकाईच्या धरणांत सांठते, पुढें काक्रापारच्या बंधाऱ्यापाशीं येते, आणि तेथें व्याऱ्यानजीकच्या अणुविद्युत्केंद्राच्या कामीं येते. या केंद्राची वीज पश्चिम भारतांतील अनेक राज्यांत वांटली जाते. महाराष्ट्र त्यांपैकींच एक.

काक्रापार येथें चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन प्रत्येकीं २२० मेगावॅटच्या असून त्या १९९३ व १९९५ सालीं रीतसर वीज विकूं लागल्या. तिसरी व चौथी प्रत्येकीं ७०० मेगावॅटची. भारतीय इंजिनियरांनीं आंखलेल्या या आकाराच्या भट्ट्यांपैकीं या अगदीं पहिल्या होत. तिसरीच्या पायाचें काँक्रीट २०१० सालीं पडलें, आणि पांचएक वर्षांत ती पुरी व्हावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षांत ती २०२३ च्या जूनअखेर व चौथी २०२४ च्या मार्चअखेर व्यापारी उत्पादन करूं लागली. दोहोंचा मिळून प्रारंभींचा मंजूर खर्च सुमारें ११,५०० कोटि रुपये होता, तो २२,५०० कोटींच्या वर गेला. नव्या जातीचें यंत्र प्रथमच उभारतांना असा विलंब व्हावा यांत नवल नाहीं. मात्र त्याची किंमत कोणीं भरावयाची, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं.

या प्रश्नाचें मर्म शहाद्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याला चटकन् कळेल. तो कर्ज काढून विहीर खणतो. पाणी लागेपर्यंत पीक नाहीं; पण सावकाराचें व्याज मात्र पहिल्या कुदळीपासून चालू होतें. अणुविजेचेंहि तसेंच आहे. कोळशाच्या केंद्राला जन्मभर कोळसा विकत घ्यावा लागतो. अणुकेंद्राला इंधन थोडें लागतें, पण उभारणीसाठीं अफाट पैसा लागतो, आणि तोहि वीजविक्रीचा पहिला रुपया हातीं येण्यापूर्वीं. शंभर रुपये दरसाल दहा टक्के चक्रवाढ दरानें काढले, तर पांच वर्षांनीं त्यांचे एकशें एकसष्ट होतात आणि दहा वर्षांनीं दोनशें एकोणसाठ. तेच शंभर सहा टक्क्यांनीं मिळाले, तर दहा वर्षांनीं एकशें एकोणऐंशीच होतात. म्हणजे अणुविजेचा दर दोन गोष्टींवर ठरतो: पैसा किती स्वस्त मिळाला आणि किती काळ थांबावें लागलें.

सरकारची पत मोठी असल्यामुळें त्याला पैसा स्वस्त मिळतो. तारापूरचें केंद्र १९६९ सालीं सुरू झालें तें अमेरिकन सरकारनें अल्प व्याजानें व दीर्घ मुदतीनें दिलेल्या सुमारें आठ कोटि डॉलरांच्या कर्जाच्या बळावर. १९८७ सालीं भारतीय अणुऊर्जा महामंडळ स्थापन झालें. तेव्हांपासून सरकारी भागभांडवल आणि बाजारांतून काढलेलें कर्ज यांच्या मेळानें केंद्रें उभीं राहिलीं. सामान्यतः भांडवल तीस भाग व कर्ज सत्तर भाग. परंतु सरकारची थैली एकच असते. ज्या थैलींतून अणुभट्टीला पैसा जातो, तींतूनच धडगांवच्या दवाखान्याला औषधें आणि अक्कलकुव्याच्या शाळेला शिक्षक मिळावयाचे असतात. म्हणून हा भार खासगी धनिकांनीं उचलावा, असें म्हणणारे केवळ नफेखोरीचे कैवारी आहेत असें समजणें अन्यायाचें होईल.

खासगी भांडवलानें महाराष्ट्रांत वीज आलीहि आहे. टाटांच्या जलविद्युत् कंपनीला लंडनच्या पेढ्यांनीं हात आंखडता घेतला, तेव्हां देशी संस्थानिकांनीं व व्यापाऱ्यांनीं भाग घेतले आणि १९१५ सालीं खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळाली. त्या भागधारकांनीं स्वतःचा पैसा स्वतःच्या जोखमीवर लावला होता. याच्या उलट उदाहरण दाभोळचें. तेथें एन्रॉन कंपनीच्या प्रकल्पाला राज्य सरकारची हमी आणि तिच्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी होती. १९९९ सालीं वीज सुरू झाली, दराचा भार राज्य वीजमंडळाला झेपेना, २००१ सालीं केंद्र बंद पडलें व त्याच वर्षाअखेर मूळ कंपनीचें दिवाळें वाजलें. शेवटीं २००५ सालीं सार्वजनिक कंपन्यांनाच तो पसारा आवरावा लागला. दाभोळ अणुकेंद्र नव्हतें, वायूवर चालणारें होतें. पण नफा एकाचा आणि हमी दुसऱ्याची असली म्हणजे काय होतें, याचा तो धडा आहे.

अणुकेंद्रांच्या बाबतींत श्रीमंत देशांनींहि हा पेंच अनुभवला आहे. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यांत व्होग्टल येथील दोन नव्या भट्ट्या खासगी कंपनीच्या पुढाकारानें झाल्या. पण सरकारी कर्जहमी घेऊन, आणि प्रारंभींच्या सुमारें चौदा अब्ज डॉलरांच्या ठिकाणीं तीस अब्जांहून अधिक खर्च होऊन. शेजारच्या दक्षिण कॅरोलिना राज्यांत तशाच दोन भट्ट्या २०१७ सालीं अर्धवट टाकून देण्यांत आल्या, आणि न मिळालेल्या विजेचा आकार ग्राहकांच्या बिलांत उरला. इंग्लंडनें हिंक्ले पॉइंट येथें पस्तीस वर्षांचा ठराविक दर बांधून देऊन बांधणीची जोखीम कंपनीवर सोंपविली. परंतु पुढच्या साइझवेल येथील केंद्रासाठीं त्याला वेगळी वाट धरावी लागली. तेथें २०२५ सालीं सरकार स्वतः सर्वांत मोठें भागीदार झालें, आणि बांधणी चालू असतांनाच ग्राहकांकडून रक्कम घेण्याचें ठरलें.

फिनलंडची रीत मात्र महाराष्ट्राला ओळखीची वाटेल. तेथील ओल्किलुओटो केंद्राच्या कंपनींत कारखाने व वीजसंस्था भागीदार आहेत. प्रत्येकानें आपल्या भागाप्रमाणें खर्च सोसावयाचा आणि त्याच प्रमाणांत मूळ खर्चाच्या दरानें वीज घ्यावयाची. सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला हें तत्त्व समजावून सांगावें लागणार नाहीं. तेथेंहि तिसऱ्या भट्टीला फार विलंब झाला. पण विजेचा उपयोग करणारा आणि जोखीम घेणारा एकच असल्यानें हिशेब कोणापासून लपला नाहीं.

हा विचार आतांच करावयास हवा, कारण काळ पालटला आहे. १९६२ च्या कायद्यानें अणुवीज केवळ केंद्र सरकार व त्याच्या कंपन्या यांच्या हातीं ठेविली होती. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकांत २०४७ पर्यंत एक लक्ष मेगावॅट अणुविजेचें उद्दिष्ट जाहीर झालें, आणि डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें नवा कायदा करून खासगी कंपन्यांना हें दार उघडलें. अपघात झाल्यास केंद्रचालकानें द्यावयाच्या भरपाईला त्यांत मर्यादा असून तिच्यापलीकडचा भार सरकारनें पत्करला आहे. म्हणजे भांडवल खासगी असलें तरी शेवटची जोखीम सार्वजनिकच राहते. मग त्या जोखमीचें मोलहि जनतेच्या खातीं जमा दिसावयास हवें.

आणि एक भांडवल असें आहे, जें कोणत्याच ताळेबंदांत दिसत नाहीं. उकाईच्या जलाशयांत नवापूर-नंदुरबारकडचीं गांवें गेलीं. पुढें सरदार सरोवरांत अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील तेहेतीस गांवांवर पाणी आलें. त्या प्रकल्पाच्या विजेंत महाराष्ट्राचा सत्तावीस टक्के वांटा ठरला. तो राज्याला मिळाला, जमीन देणाऱ्या पाड्यांना नव्हे. अक्राणी तालुक्यांतील बिलगांवच्या लोकांनीं २००३ सालीं श्रमदानानें ओढ्याच्या पाण्यावर पंधरा किलोवॅटचें लहानसें केंद्र उभारलें. पैसा थोडा आणि घाम पुष्कळ, असें तें भांडवल होतें. कांहीं वर्षांतच तें केंद्र त्याच मोठ्या धरणाच्या फुगवट्यांत बुडालें. राज्याला उजेड देणाऱ्या योजनेनें गांवाचा उजेड नेला, आणि त्याची नोंद कोणत्याहि भागधारकांच्या यादींत झाली नाहीं.

तेव्हां नव्या अणुकेंद्राला पैसा सरकारचा असावा कीं धनिकांचा, एवढाच वाद घालून भागणार नाहीं. करारावर सही होण्यापूर्वीं त्यांत तीन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: उशीर झाला तर वाढलेलें व्याज कोण भरील, हमी देणाऱ्या जनतेला तिच्या हमीचा मोबदला काय, आणि ज्यांची जमीन व पाणी जाईल त्यांचा भाग किती. ज्या करारांत हीं उत्तरें नसतील, त्यांत तीं मागाहून बिलें भरणाऱ्या घरांना आणि गांव सोडणाऱ्या कुटुंबांना द्यावीं लागतात. पहिल्या कुदळीपासून व्याज चालू होतें, हें शेतकरी जाणतो. म्हणून तो कुदळ मारण्याआधींच विचारतो कीं, कर्ज कोणाच्या नांवावर आहे.