पॉलिशचा हात

(संस्थेच्या अभ्यासिकेत सभासद व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपण आता ज्या टेबलांवर कोपरे टेकून बसला आहात, त्या सहा सागवानी टेबलांना २०२२ च्या डिसेंबरात तेलाचे हात मी दिले. मला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही, हे येथे बहुतेकांना माहीत आहे. अध्यक्षसाहेबांनी आजच्यासाठी ‘अंधत्वावर मात’ असा विषय सुचविला होता. मी म्हटले, साहेब, मात वगैरे काही नाही. पॉलिश कसे करतो तेवढे सांगतो. त्यांनी मान हलविली असावी, मला फक्त ‘बरं’ ऐकू आले.

माझे वडील नागपुरात एका फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशचे काम करीत. घरी आले की त्यांच्या हातांना स्पिरिटचा वास असे. मला शाळेत असतानाच रात्री दिसेनासे झाले, मग बाजूचे दिसेना, आणि बी.ए.च्या शेवटच्या वर्षी पुस्तक डोळ्यांपुढून गेले. रेटिनायटिस पिगमेंटोझा असे त्या आजाराचे नाव. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात अंध व अल्पदृष्टी असणाऱ्यांसाठी एक टक्का जागा राखीव होत्या, त्यातून २००७ साली मी बँकेत कारकून झालो. (विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे, त्या कायद्याच्या जागी आता २०१६ चा कायदा आहे, अपंगांसाठी एकूण चार टक्के आणि त्यात आपल्यासाठी एक टक्का.) नोकरीचा प्रश्न सुटला, पण रविवार मोकळा राहिला. त्या रविवारी मी बाबांच्या हाताखाली बसू लागलो.

बाबांचे मत स्पष्ट होते. ‘‘घासायचं काम तुला जमेल. पॉलिश मात्र डोळ्यांचं काम आहे, बाळा.’’ ते फळी खिडकीकडे तिरपी धरून उजेडात पाहत. दोन वर्षे त्यांनी मला फक्त पॉलिश पेपर मारायला दिला. त्याचा मला आज फायदाच होतो. ८० नंबरच्या कागदाचा एक कोपरा कापायचा, १२० चे दोन, १८० चे तीन, २२० चे चारही. मग चूक होत नाही. कागद लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच चालवायचा. आडवा ओरखडा हाताला लागत नाही, पण पॉलिश चढले की डोळ्यांना तो सगळ्यात आधी दिसतो. शेवटी जुना नायलॉनचा पायमोजा हातावर चढवून पृष्ठभागावरून फिरवायचा. जिथे कूस राहिली असेल तिथे तो अडकतो.

आता पॉलिशचे. बाबा चपड्याचे पॉलिश करीत. चपडा म्हणजे लाख. किड्यापासून मिळते, आणि आपल्याकडे गोंदिया भागात पळसावर ती घेतात. एक लिटर स्पिरिटला दीडशे ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून गाळलेला, हे आमच्या घरचे माप. कापसाचा बोळा मऊ सुती कापडात बांधायचा आणि पातळ पातळ हात द्यायचे. स्पिरिट उडते तेव्हा लाकूड गार लागते. मी हाताची मागची बाजू जवळ नेतो. गारवा गेला, वासही गेला, म्हणजे हात वाळला.

यात माझी खरी अडचण वेगळीच होती. चपड्याचा नवा हात खालचा हात थोडा विरघळवतो. त्यामुळे जुनी चूक भरून निघते, पण बोळा एका जागी थांबला की चिकटतो आणि तिथे व्रण पडतो. अंध माणसाला थांबून चाचपायची सवय असते. चपड्याला ती चालत नाही! बोळा चालता चालताच टेकवायचा आणि चालता चालताच उचलायचा. डावा हात फळीच्या कडेवर ठेवून, प्रत्येक पट्टा आधीच्या अर्ध्या पट्ट्यावर घेत, मनात मोजत जायचे. मला हे अंगवळणी पडायला एक वर्ष लागले. नागपूरच्या मे महिन्यात तर स्पिरिट इतक्या झपाट्याने उडते की बोळा अर्ध्यातच ओढ घेतो. आणि पावसाळ्यात हवेतल्या ओलीने चपड्यावर पांढरट झाक येते. ती हाताला अजिबात कळत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर मी स्पिरिटची बाटली उघडतच नाही.

रंगाबद्दलही तसेच. आमच्या वहिनींनी एकदा स्टुलाला शिसवी रंग मागितला. भुकटी मोजून घेतली, तरी दोन पायांचा रंग एक आणि दोघांचा दुसरा. तेव्हापासून मी रंग लावत नाही, लाकडाचा असेल तो ठेवतो.

अभ्यासिकेच्या टेबलांना मात्र चपडा नको, असे मी पहिल्याच दिवशी सांगितले. गरम चहाचा कप ठेवला की चपड्यावर पांढरे कडे उमटते, आणि आपण विद्यार्थी चहा किती पिता ते मला ठाऊक आहे. म्हणून डबल बॉईल जवसाचे तेल. तेल अंधाला सोयीचे आहे. कापडाने भरपूर लावायचे. कोऱ्या लाकडावर कापड ओढ घेते, तेल लागलेल्या जागी सरकते, त्यामुळे सुटलेली जागा हातालाच सापडते. पंधरा-वीस मिनिटांनी वरचे सगळे तेल पुसून काढायचे आणि दोन दिवस वाळू द्यायचे. असे चार हात, मग मेण.

पण या तेलाने मला एकदा चांगलाच धडा दिला आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात मी तेलाची फडकी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून गॅलरीत ठेवली. पलीकडच्या खोलीत माझी मुलगी झोपली होती, ती तेव्हा पाच वर्षांची. दुपारी करपट वास आला. पिशवीला हात लावला तर ती चटका बसेल इतकी तापलेली. बादलीभर पाणी ओतले. जवसाचे तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेते आणि उष्णता सोडते. फडकी एकावर एक दाबलेली असली की ती उष्णता बाहेर पडत नाही आणि आपोआप आग लागते. बाबा हयात असताना फडकी दोरीवर एकेक पसरून टाकीत. ते का, हे मी कधी विचारले नव्हते. मला वाटे, ती टापटीप आहे.

या सहा टेबलांचे काम निघाले तेव्हा एका सभासदांनी सभेत मांडले की घासण्याचे काम यांना द्यावे, पण शेवटचे हात डोळस पॉलिशवाल्याकडून घ्यावेत. मला राग आला. मी म्हणालो, एक टेबल पूर्ण करतो, पाहा आणि ठरवा. जीव ओतून ते केले. हात फिरवला, कुठेही खोट नाही. मुलीला दाखवले. ती म्हणाली, ‘‘बाबा, इथे डाग आहे. पोळीएवढा.’’

मी त्या जागेवर पुन्हा पुन्हा बोटे फिरवली. बाकी टेबलाहून ती जागा जास्तच गुळगुळीत होती. माझ्या हाताला तीच सर्वांत आवडली होती. रात्रभर झोप लागली नाही. पहाटे लक्षात आले की तो गोंद आहे. सुताराने फळ्या जोडताना हाताला लागलेला गोंद पुसला, तो लाकडात भरला, म्हणून तिथे तेल शिरलेच नाही आणि जागा फिकी राहिली. म्हणजे इतकी वर्षे मी खरखरीत जागा शोधत होतो आणि गुळगुळीत जागेवर विश्वास टाकत होतो.

उरलेली पाच टेबले तेलाआधी मी ओल्या फडक्याने पुसून वाळू दिली. पाणी लागले की लाकडाचे तंतू उभे राहतात आणि सगळी फळी खरखरीत होते. गोंद असेल तिथे मात्र ती गुळगुळीतच राहते. असे तीन डाग सापडले. ते खरवडून, घासून मगच तेल दिले. ते सभासद आज समोर बसले आहेत. पहिल्या टेबलापुरते त्यांचे म्हणणे खरे ठरले, हे मी येथे मान्य करतो. उरलेल्या पाचांवर मुलीला काही सापडले नाही, त्यांनाही नाही. त्यांनी चष्मा लावून पाहिले, असे कळले.

पहिले टेबल खिडकीजवळचे. डाग अजून आहे. तेल खरवडून ते पुन्हा करता आले असते, पण मी ते ठेवले आहे. नवीन शिकायला येणाऱ्याचे बोट आधी त्या जागेवर ठेवतो.

टेबलावर पाणी सांडले तर लगेच पुसत जा. दाराजवळच्या टेबलाचे तेल आता सुकले आहे, येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता त्याला नवीन हात द्यायचा आहे. ज्यांना यायचे त्यांनी जुना सदरा घालून यावे, आणि फडकी वाळत घालायला एक दोरी आणावी.