मैत्रीची तालीम

लगोरीचा डाव रंगात आलेला असावा आणि एखादे मूल कडेला एकटेच उभे असावे, हे दृश्य कोणत्याही गावात दिसते. वडीलधारी माणसे त्याला सांगतात, "जा, त्यांना म्हण, मलाही खेळायला घ्या." मूल धीर करून जाते, भर डावात मध्येच बोलते आणि बाकीची मुले त्याला हुसकावून लावतात. मग घरी म्हणतात, मूल बुजरे आहे. किंवा म्हणतात, ती मुलेच द्वाड आहेत. आपला सल्लाच चुकला असेल, ही शंका मात्र सहसा कोणाला येत नाही.

चारचौघांत मिसळणे हा उपजत गुण आहे, असा आपला समज असतो. तो काही अंशी खरा आहे. परंतु गळा उपजत असला तरी गाणे शिकावेच लागते. १९७७ साली अमेरिकेत शेरी ओडेन व स्टीव्हन ॲशर या संशोधकांनी तिसरी-चौथीच्या वर्गांतील, सोबत्यांना फारशी प्रिय नसलेली मुले निवडली. खेळात मनापासून भाग घेणे, आळीपाळीने खेळणे, बोलणे व ऐकणे, दुसऱ्याला उत्तेजन देणे, या चार गोष्टी त्यांनी काही मुलांना समजावून दिल्या व लगेच खेळात करावयास लावल्या. इतर काही मुलांना शिकवणीवाचून नुसते खेळावयास दिले. शिकवणी मिळालेल्या मुलांबरोबर खेळावेसे सोबत्यांना अधिक वाटू लागले आणि वर्षानंतरही ती प्रगती चालूच होती. केवळ एकत्र बसविल्याने मैत्री होत नाही, हा त्यातील बोध होय.

हाच धागा पुढे लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात एलिझाबेथ लॉजसन आणि फ्रेड फ्रँकेल यांनी 'पीअर्स' नावाच्या शिक्षणक्रमात विस्तारला. तो मुख्यतः स्वमग्न कुमारांसाठी रचलेला होता. आठवड्यातून एकदा दीड तास, असे चौदा आठवडे लहानसा गट जमतो. त्याच वेळी आईवडिलांचा गट दुसऱ्या खोलीत बसून तोच पाठ शिकतो, कारण शिकलेले अंगवळणी पाडण्याची जागा घर आणि शेजार ही होय. पुढे तरुणांसाठीही असाच सोळा आठवड्यांचा क्रम तयार झाला.

या शिक्षणाचे मर्म असे की, वडील माणसे जे सुचवितात ते न शिकविता, लोकप्रिय मुले प्रत्यक्षात जे करतात ते शिकवावयाचे. अशी मुले चालू संभाषणात एकदम शिरत नाहीत. ती प्रथम दुरून ऐकतात, विषय ओळखतात, आपल्याला त्यात गोडी आहे का ते पाहतात, थोडी जवळ सरकतात, बोलणे क्षणभर थांबले की त्याच विषयावर एखादे वाक्य बोलतात आणि समोरचे आपल्याकडे वळतात की पाठ फिरवतात, हे न्याहाळतात. पाठ फिरली, तर मुकाट्याने बाजूला होतात. चिडविण्याविषयीही तसेच. "लक्ष देऊ नकोस" हा उपदेश बहुधा फुकट जातो, "बरं, मग?" एवढे निर्विकारपणे म्हणून निघून जाणे अधिक उपयोगी पडते. मारहाण होत असेल, तर मात्र मोठ्या माणसांना सांगणे हाच मार्ग. प्रत्येक पायरी गटात नाटकाप्रमाणे करून पाहतात आणि घरचा अभ्यास म्हणून सोबत्याला दूरध्वनी करणे, त्याला घरी बोलावणे, अशी कामे दिली जातात.

तथापि या शिक्षणाच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. अशा गटांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. काय करावे हे आपल्याला कळले, असे मुलांनी सांगितले. पण आपले वागणे बदलले, असे त्यांनी तितकेसे सांगितले नाही. कळते पण वळत नाही, हा आपल्याकडील जुनाच अनुभव येथेही आला. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली असे मांडले की, न समजण्याचा दोष एकाच बाजूला नाही. स्वमग्न मनुष्याला इतरांचे मन उमगत नाही, तसेच इतरांनाही त्याचे उमगत नाही. मग सगळी तालीम एकट्यानेच का करावी? मुखवटा चढवून दिवसभर दुसऱ्यासारखे वागणे ही मैत्री नव्हे, तो शीण आहे.

म्हणून या शिक्षणाचा दुसरा अर्धा भाग उरलेल्या वर्गाने शिकावयाचा आहे. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेची नोंद घेतली आणि सर्वसमावेशक शिक्षणाचे तत्त्व मान्य केले. पण कायदा बाकावर जागा देईल, सोबत देणार नाही. ती देण्यासाठी फार खर्च लागत नाही. दोन म्होरक्यांनी गडी मागून घेण्याच्या रीतीत शेवटी उरणारे मूल रोज तेच असते. शिक्षकांनी गट स्वतः पाडले, तर तो रोजचा अपमान टळतो. डबा खाण्याची जागा दर आठवड्याला बदलता येते. एखादे मूल डोळ्याला डोळा न भिडविता बोलले, तरी ते आपल्याशीच बोलत आहे, हे वर्गाला सांगता येते. आणि पालकांनी परीक्षेच्या गुणांइतक्याच आस्थेने विचारावे, "आज तुझ्याशेजारी कोण बसले होते?" रोज त्याचे उत्तर "कोणी नाही" असे येऊ लागले, तर त्या घराने आणि त्या शाळेने एकत्र बसण्याची वेळ आली, असे समजावे.