मीठ, साखर आणि रक्तदाब

मिठावांचून अन्नाला चव नाहीं. पण तेंच मीठ मर्यादा सोडतें, तेव्हां घात करतें. शरीरांत मीठ वाढलें म्हणजे तें पाणी धरून ठेवतें. रक्ताचें आकारमान वाढतें, रक्तवाहिन्यांवर ताण पडतो आणि हृदय व मूत्रपिंडें यांस अधिक श्रम होतात.

चीनमधील ६०० खेड्यांतील सुमारें २१,००० लोकांवर झालेला एक प्रयोग २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. पक्षाघात होऊन गेलेले किंवा रक्तदाबाचे वृद्ध रोगी त्यांत होते. निम्म्या खेड्यांना चतुर्थांश पोटॅशियम क्लोराइड मिसळलेलें मीठ दिलें. सुमारें पांच वर्षांत तेथें पक्षाघात इतर खेड्यांपेक्षां १४ टक्क्यांनीं कमी झाला. मूत्रपिंडाच्या रोग्यांनीं मात्र असें मीठ डॉक्टरांच्या सल्ल्यावांचून घेऊं नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस दिवसाकाठीं ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे लहान चमचाभराहून थोडेंच, मीठ सांगते. लोणचें, पापड, फरसाण यांतील मीठही याच हिशेबांत धरावयाचें. साखरेची वाट निराळी: तिच्या अतिरेकानें वजन वाढतें आणि वजनाबरोबर रक्तदाबही चढतो.

आपल्याकडे पानांत मीठ सर्वांआधीं वाढतात, पण वाढतात चिमूटभरच. त्या चालींतलें शहाणपण स्वयंपाकघरांतही पाळावें.