धनेश नसेल तर बिया कोण नेणार?

ट्रेनमध्ये असाल तर आवाज जरा वाढवा. आज कोकणात जायचंय, संगमेश्वर-देवरुखच्या बाजूला.

तिथलं जंगल सॅटेलाइट मॅपवर बघा. लांबून सगळं हिरवंगार. झूम केलंत की कळतं, ते एक जंगल नाहीच. इथे देवराई, मग काजूची बाग, मग तोडून मोकळा केलेला डोंगर, मग पुन्हा दोन-चार एकर दाट झाडी. इथलं बहुतेक जंगल खासगी मालकीचं. त्यामुळे कुठला तुकडा राहील नि कुठला जाईल, ते सातबाऱ्यावरची नावं ठरवतात.

या तुकड्यांवर धनेश जगतो. त्याचं मुख्य खाणं म्हणजे वड, उंबर, पिंपळ यांची फळं. गंमत अशी की ही सगळी झाडं एकदम पिकत नाहीत. आज हा वड, नंतर कधीतरी पलीकडच्या डोंगरावरचा. म्हणजे वर्षभर पोट भरायला बरीच झाडं हवीत, लांबवर पसरलेली. त्यात विणीच्या दिवसांत मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, तोंड लिंपून एक फट तेवढी ठेवते. त्यानंतर कितीतरी आठवडे तिला भरवायचं काम एकट्या नराचं. एकच डिलिव्हरी बॉय, आणि हॉटेलं एकेक करून बंद होतायत! शिवाय ढोली त्याला स्वतः कोरता येत नाही. त्यासाठी जुनं, जाडजूड झाडच लागतं. बेहडा, सातवीण, आंबा असं काहीतरी.

धनेश निदान उडून बाग ओलांडतो. शेकरूला फांदीवरून फांदीवर जायचं असतं. रस्ता रुंद झाला की त्याचं जंगल तिथेच संपतं.

आता बिया. बुलबुल छोटी फळं खातो, त्यांच्या बिया पसरतात. पण रानजायफळाची बी त्याच्या चोचीत मावतच नाही. धनेश ती अख्खी गिळतो, वरची जायपत्री पचवतो आणि बी दुसरीकडे कुठेतरी ओकून टाकतो. उदमांजर, वटवाघळंही बिया नेतात, पण प्रत्येक मोठ्या बीला ती पुरत नाहीत. उरलेल्या बिया आईच्याच झाडाखाली पडतात. तिथे सावली, उंदीर, किडे. म्हणून असा तुकडा फसवा असतो. जुनी झाडं झकास उभी असतात, पण खाली त्यांची रोपं शोधावी लागतात. आमच्याकडे सर्व्हर पडला की अलर्ट येतो हो. इथे म्हातारं झाड कोसळेपर्यंत कुणाला पत्ताच लागत नाही.

आमच्या घरच्या जमिनीत दोन मोठे बेहडे आहेत. दिवाळी झाली की ठेकेदार चौकशीला येतो. काका विचारतात, "झाड ठेवून पोट भरतं काय रे?" प्रश्न चुकीचा नाही. माझा पगार पुण्यात होतो, त्यांचा कुठे होतो?

पण बेहड्याचं फळ त्रिफळ्यात जातं. पुण्याच्या एईआरएफ या संस्थेने याच पट्ट्यात फेअरवाइल्ड प्रमाणपत्राखाली ही फळं गोळा करून विकायचं काम उभं केलंय. नियम असा की सगळी फळं काढायची नाहीत, काही रानासाठी सोडायची. लाकडाचे पैसे एकदाच येतात. फळं झाड उभं असेपर्यंत येत राहतात, आणि ढोलीही राहते.

काकांनी ठेकेदाराला "शिमग्यानंतर बघू" असं सांगितलंय. तोवर मी फळांचा हिशेब मांडतोय. एक्सेलमध्ये नाही, वहीच्या पानावर, हाताने. फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार. ते तसंच वाचतात.